सायमनला मारल्यानंतरची सकाळ: 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' नेमकं काय सांगते

विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' ही कादंबरी १९५४ सालची. इंग्लंडमध्ये पिढ्यानपिढ्या शाळेत शिकवतात, आपल्याकडे बीए-एमए इंग्लिशवाल्यांच्या वाट्याला येते कधीमधी, आणि गाईडात तिचं सार ठरलेलं असतं की माणूस मुळात दुष्ट आहे, संस्काराचा वरचा पापुद्रा निघाला की आतलं जनावर बाहेर. लिहा आणि पाच मार्क घ्या. हे उत्तर अगदीच चूक आहे असं नाही म्हणणार मी, पण भलतंच आळशी आहे, कारण एवढंच सांगायचं असतं तर बारा प्रकरणं कशाला लागली असती राजेहो, दोन पानांत आटोपलं असतं. चांगल्या घरची, शाळेत रोज प्रार्थना म्हणणारी पोरं बिघडतात कशी हे गोल्डिंगने एकेक पायरी करून दाखवलंय, आणि प्रत्येक पायरीवर त्या पोरांकडे एक पटण्यासारखं कारण असतं, खरा त्रास तिथेच आहे. त्या पायऱ्या समजल्या की पुस्तक सोपं होऊन जातं.

गोष्ट अशी. जगात मोठं युद्ध सुरू आहे, अणुबॉम्बचा उल्लेख येतो, आणि मुलांना घेऊन जाणारं एक विमान पाडलं जातं. एका निर्मनुष्य बेटावर फक्त मुलं उरतात, सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची, मोठं माणूस एकही नाही. खायला फळं आहेत, गोडं पाणी आहे, रानडुकरं आहेत. म्हणजे उपासमार नाही, हे डोक्यात ठेवा, पुढे जे होतं ते भुकेपायी होत नाही.

अशा बेटाच्या गोष्टी इंग्रजीत आधीही होत्या. १८५७ साली बॅलंटाईन नावाच्या लेखकाची 'द कोरल आयलंड' आली होती, त्यात राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन पोरं बेटावर अडकतात आणि एकदम शहाण्यासारखी वागतात, वाईटपणा करायला बाहेरचे लोक आहेतच, चाचे आणि 'जंगली' माणसं. गोल्डिंगने मुद्दाम राल्फ आणि जॅक हीच नावं उचलली आणि बाहेरचे लोक काढून टाकले. आता वाईटपणा यायचाच तर आतूनच येणार. त्याला हे सुचलं कसं तेही बघा. तो सॅलिसबरीच्या बिशप वर्ड्सवर्थ्स स्कूलमध्ये मास्तर होता, ती मुलांची शाळा, म्हणजे रोज वर्गात पोट्टे बघणारा माणूस. मधली काही वर्षं तो ब्रिटिश नौदलात होता, १९४० ला भरती झाला, १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या तेव्हा रॉकेट सोडणाऱ्या एका बोटीचा प्रमुख होता. त्याने नंतर लिहिलंय की मधमाशी मध तयार करते तसा माणूस दुष्टपणा तयार करतो, आणि ती वर्षं जगूनही ज्याला हे कळलं नाही तो एकतर आंधळा असेल नाहीतर डोक्याने अधू. पुस्तक प्रकाशकांनी एकामागून एक परत पाठवलं, फेबर अँड फेबर ह्या प्रकाशनाच्या, हस्तलिखितं वाचून मत देणाऱ्या वाचकाने तर 'रबिश अँड डल' असा शेरा मारला होता, तिथल्याच चार्ल्स माँटिथ नावाच्या नवख्या संपादकाने ते नाकारलेल्यांतून उचललं म्हणून छापलं गेलं. आणि त्याच लेखकाला १९८३ ला नोबेल.

असो. बेटावर येऊ.

राल्फला पाण्यात एक मोठा शंख सापडतो, पिग्गी नावाचा जाडा, चष्मेवाला, दम्याचा पोरगा त्याला तो फुंकायचा कसा ते सांगतो, आवाज ऐकून विखुरलेली मुलं गोळा होतात आणि मग मतदान होतं. मुलं राल्फला निवडतात. का, तर अंगाने बरा आहे, दिसायला चांगला आहे आणि शंख त्याच्या हातात आहे. अक्कल पिग्गीकडे आहे, हुकूम सोडायची सवय जॅककडे आहे (चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांचा तो म्होरक्या, काळे झगे घातलेली रांग घेऊनच येतो), पण मत राल्फला. आमचं गाव राळेगाव तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत रात्री वाचनालय चालतं, आठवी ते बारावीची पोरंपोरी येतात, त्यांना मी ही कादंबरी पावसाळ्यात रोज थोडी थोडी मराठीत सांगितली. ह्या मतदानापाशी जे हसू फुटलं ते ग्रामपंचायतीचं इलेक्शन पाहिलेल्यालाच कळेल.

आणि एक गम्मत झाली, अर्धी गोष्ट होईपर्यंत सगळे पोट्टे जॅकच्या पार्टीत. काहून? तर जॅक डुकरं मारते. आता ज्यांच्या बापाची अर्धी झोप जागलीत जाते, ज्यांनी भुईमुगाचा तास रानडुकरांनी एका रात्रीत उलथून टाकलेला पाहिलाय, त्यांना राल्फचं 'विस्तव सांभाळा, झोपड्या बांधा' पकाऊ वाटणारच. एकजण म्हणाला, "तो राल्फ नुसती मीटिंगच घेऊन रायला दादा, जॅक काम तं करते."

नेमकं हेच बेटावरही होतं, आणि पहिली पायरी हीच आहे असं मला वाटतं. राल्फ म्हणतो डोंगरावर धूर सतत पाहिजे, जहाजाला दिसला तर आपण सुटू. शंभर टक्के बरोबर. पण धूर सांभाळणं म्हणजे दिवसरात्र लाकडं टाकत बसणं, आज टाकली तरी उद्या परत टाकायची, कुणी शाबासकी देत नाही. झोपड्यांचं तेच, मीटिंगमध्ये सगळे हात वर करतात, पहिल्या झोपडीला सगळे येतात, दुसरीला थोडे, तिसरीला राल्फ आणि सायमन नावाचा एक पोरगा, दोघंच उरतात, बाकीचे पोहायला. (श्रमदानाचा पहिला दिवस आणि दहावा दिवस, फोटो काढून ठेवा कधी.) शिकारीचं तसं नाही, त्यात धावणं आहे, आरडाओरडा आहे, शेवटी मटण आहे. मग एक दिवस जहाज येतं, लांबवर दिसतं, आणि डोंगरावर विस्तव नाही, कारण ज्यांची पाळी होती त्यांना जॅक शिकारीला घेऊन गेला. जहाज निघून जातं. जॅक आणि त्याचे शिकारी परत येतात ते डुक्कर घेऊन आनंदात. पिग्गी त्याला बोलतो, जॅक पिग्गीला मारतो, चष्म्याची एक काच फुटते. ह्यात राक्षसी असं काही आहे का? कंटाळवाणं काम टाळलं, एवढंच. असं तर आपण सगळेच करतो.

दुसरी गोष्ट भीतीची. छोट्यांपैकी एकजण, तोंडावर मोठा जांभळट डाग असलेला, पहिल्याच दिवशी सांगतो की रात्री त्याने काहीतरी सापासारखं पाहिलं, 'बीस्टी', म्हणजे कसलंतरी भयंकर जनावर, पुढे सगळे त्याला बीस्ट म्हणतात. मोठे हसतात. त्याच दिवशी पेटवलेला विस्तव जंगलात पसरतो आणि त्यानंतर तो डागवाला पोरगा कुणालाच दिसत नाही. किती मुलं आहेत हे कुणी मोजलेलंच नव्हतं, म्हणून कोण गेलं हेही ठामपणे सांगता येत नाही. पहिलं मरण असं झालं, खून वगैरे काही नाही, नुसता हलगर्जीपणा, आणि त्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. न बोललेली ती गोष्टच पुढे बीस्ट बनून फिरते असं मी वाचतो, तुम्ही वेगळं वाचू शकता.

आता बीस्टवर दोन पुढारी काय उत्तर देतात ते बघा. राल्फ म्हणतो, बीस्ट नाहीच. जॅक म्हणतो, नाहीच, पण असला तर आम्ही त्याची शिकार करू. रात्री घाबरून झोपेतून उठणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला कुठलं उत्तर बरं वाटेल? राल्फचं उत्तर खरं आहे आणि त्यात भीतीला जागाच नाही, तुला भ्या वाटतं म्हणजे तू मूर्ख. जॅकचं उत्तर भीती मान्य करतं आणि वर स्वतःची गरज लावून ठेवतं. बीस्ट असला तरच जॅक लागणार ना. म्हणून पुढे जॅक बीस्टला मारायच्या ऐवजी त्याला नैवेद्य ठेवतो, डुकराचं मुंडकं काठीवर रोवून, त्यावर माशा घोंगावतात, पुस्तकाचं नाव तिथलंच. ज्या पुढाऱ्याची खुर्ची भीतीवर उभी असते तो भीती संपवत नाही, पाळतो.

भीतीत पण फरक असतो. २०१८ साली आमच्या पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-१ वाघीण होती, अवनी म्हणून देशभर गाजली ती. १३ माणसं मारल्याचा तिच्यावर ठपका होता, २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली. मारायला पाहिजे होती का नाही हा वाद मोठा आहे, त्यात इथे नाही शिरत. पण त्या दिवसांतल्या भीतीला एक अंग होतं, पंजे होते, तिचे ठसे दिसायचे, कॅमेऱ्यात ती यायची, मग लोक घोळक्याने वावरात जायचे, दिवस मावळायच्या आत परत यायचे, म्हातारं माणूस एकटं बाहेर निघालं तर कुणीही हटकायचं. बेटावरचा बीस्ट कुणी धड पाहिलेलाच नाही, म्हणून तो पाण्यातही असू शकतो, डोंगरावरही असू शकतो आणि अंधारात पुढून येणारा कुणीही असू शकतो. अशा भीतीपासून बचाव कसा करणार?

मधे एक छोटा प्रसंग आहे, गाईडं त्यावरून घाईने पुढे जातात, मला सगळ्या पुस्तकात तो सगळ्यात बारीक वाटतो. हेन्री नावाचं एक लहानगं किनाऱ्यावर खेळत बसलंय. रॉजर नावाचा मोठ्यांपैकी एक पोरगा झाडाआड उभा राहून त्याला दगड मारतो, पण नेम चुकवून मारतो. हेन्रीभोवती सहा यार्ड, म्हणजे साधारण १८ फूट रुंद अशी एक गोल जागा आहे आणि तिच्या आत दगड टाकायची रॉजरची हिंमत होत नाही. बघायला कुणी नाही, ओरडायला कुणी नाही. तरी आईबाप, शाळा, पोलीस, कायदा ह्यांनी त्याचा हात अजून धरून ठेवलाय, ते सगळं जग तिकडे युद्धात स्वतःच मोडून पडलेलं असताना. रॉजर चांगला आहे म्हणून हेन्री वाचला असं गोल्डिंग म्हणत नाही. सवय वाचवते. आणि सवय हळूहळू जाते, आज १८ फूट, उद्या पंधरा. जॅकचंही तसंच, पहिल्यांदा डुकराचं पिल्लू तावडीत सापडतं तेव्हा त्याचा सुरा वरच्या वर थांबतो, जिवंत मांसात सुरा घालायचा म्हणजे केवढी गोष्ट, ते त्याच्याने होत नाही, आणि त्याचीच त्याला लाज वाटते. पुढे तो पांढरी माती, लाल माती, कोळसा तोंडाला फासतो आणि पाण्यात स्वतःचं तोंड बघतो तर तिथे दुसराच कुणी. मग लाजही गेली. आपण चिल्लर चोरीलासुद्धा तोंडाला दुपट्टा बांधून जातो, उगाच नाही.

आता सायमन. हा अबोल, मधेच चक्कर येऊन पडणारा पोरगा. डोंगरावर जो बीस्ट बसलाय असं सगळे म्हणतात तो खरा काय आहे ते बघायला हा एकटा चढतो. वर बघतो तर पॅराशूटमध्ये अडकलेलं एका मेलेल्या सैनिकाचं प्रेत, वारा आला की वाकतं, वारा गेला की परत बसतं. म्हणजे बेटावर बाहेरून आलेली एकच भयंकर गोष्ट आणि तीही मोठ्यांच्या युद्धातून पडलेली. सायमन दोऱ्या सोडवतो आणि ही बातमी सांगायला खाली येतो. खाली, एव्हाना राल्फपासून फुटून वेगळी टोळी केलेल्या जॅकची मेजवानी सुरू आहे, वादळ उठलंय, विजा कडाडतायत, मुलं गोल करून नाचतायत, मारा, गळा चिरा, रक्त सांडा असं एका सुरात. राल्फ आणि पिग्गीही तिथेच आहेत. अंधारातून काहीतरी रांगत येतं, कुणीतरी ओरडतं बीस्ट, आणि सगळा घोळका तुटून पडतो. काठ्यांनी, हातांनी, दातांनी. तो ओरडून सांगत असतो की डोंगरावर मेलेला माणूस आहे. रात्री समुद्र ते प्रेत घेऊन जातो.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि म्हणतात बघा, माणूस कसा आहे. मला वाटतं थांबायची जागा ही नाही, पुढचं प्रकरण आहे, दहावं, त्याची सुरुवात. सकाळ झालीय. राल्फ पिग्गीला म्हणतो, तो खून होता. आणि पिग्गी, हो, तोच पिग्गी, आख्ख्या बेटावरचा सगळ्यात समजूतदार, तर्काने बोलणारा, तो चिरकतो की असं बोलू नको. अंधार होता. पाऊस होता, विजा होत्या. आपण घाबरलो होतो. अपघात होता तो. त्याला कुणी सांगितलं होतं अंधारातून असं रांगत यायला, येडाच होता तो, त्यानेच ओढवून घेतलं. मग म्हणतो आपण तर बाहेरच्या बाजूला होतो, आपण काही केलं नाही, काही पाहिलंही नाही. ओळीने वाचा ही वाक्यं, एका दमात चार वेगवेगळे बचाव आहेत आणि ते एकमेकांशी जुळतही नाहीत. अपघात असेल तर त्याने ओढवून घेतलं कसं, आणि आपण काही पाहिलंच नाही तर अपघात होता हे कळलं कशावरून? तेवढ्यात सॅम आणि एरिक हे जुळे येतात आणि न विचारता सांगतात की आम्ही दमलो होतो, लवकर निघून आलो. एकाच्या कपाळावर ओरखडा आहे, दुसऱ्याचा ओठ फाटलाय. चौघं एकमेकांना हो हो म्हणतात. आणि तिकडे जॅक आपल्या टोळीला सांगतोय की काल आला तो बीस्टच होता, वेष बदलून आला होता. म्हणजे चांगली पार्टी आणि वाईट पार्टी, दोघांनीही रात्रीतून एकेक गोष्ट रचली. जॅकच्या गोष्टीला जो बळी पडतो तो मूर्ख म्हणता येईल, पिग्गीच्या गोष्टीला काय म्हणणार, ती तर हुशार माणसाची आहे.

हे मी सांगत होतो तेव्हा खोली एकदम गप झाली, कारण सगळ्यांना एकच आठवलं. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरपंपांची केबल चोरीला जायची तो सीझन होता. गावात एक अनोळखी भंगारवाला आला, कुणीतरी म्हणालं हाच, आणि मग झालं ते झालं. जीव वाचला त्याचा, हात मोडला. केबलचा एक तुकडा त्याच्याजवळ निघाला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ज्याला विचारावं तो म्हणे, "मी तं सोडवाले गेल्तो." सगळेच सोडवायला गेले होते. वाचनालयातली एक पोरगी, नववीतली, तिने हिशोब मांडला, "मंग मारत कोन होतं?" तिचे काकाही त्यात होते, हे तिलाही माहीत आणि आम्हालाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला तर पाच माणसं गेली. मुलं पळवणारी टोळी फिरते अशी अफवा व्हॉट्सअॅपवर सगळीकडे होती, बाजाराचा दिवस होता, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. जमावाने त्यांना ठार मारलं. मुलं पळवणारं कुणी नव्हतं. तिथल्या कुणाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण त्या जमावात जन्मजात खुनी किती असतील, एखादा तरी असेल का? बहुतेक सगळे आपापल्या लेकरांना घरी ठेवून बाजारात आलेले बाप. लेकरांवरच्या मायेतून सुरुवात झाली. पायऱ्या म्हणतो ते हेच.

पिग्गीबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे. त्याच्यावर माझा राग नाही. पहिल्याच भेटीत तो राल्फला विश्वासाने सांगतो की शाळेत मला पिग्गी म्हणायचे, तेवढं कुणाला सांगू नको. राल्फ पहिल्याच सभेत सगळ्यांसमोर सांगून टाकतो, हशा होतो. आणि त्याचं खरं नाव? शेवटच्या पानापर्यंत येत नाही. कुणी विचारतच नाही. हे सांगितल्यावर मागून एक आवाज आला, "कोनीच नाई इचारलं?" त्या पोराला गावात काय नावाने हाक मारतात ते मी इथे लिहीत नाही. गोल्डिंग तर स्पष्ट लिहितो की पिग्गी बाहेरचा ठरला तो जाडी, दमा, चष्मा आणि अंगमेहनतीचा कंटाळा यांमुळे, शिवाय त्याच्या बोलण्याचा हेल वेगळा. पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलात 'मले-तुले' करून बघितलेल्याला हे वेगळं समजवायची गरज नाही.

एक खोट काढतो, लेखकाची. बेटावर विस्तव पेटवतात तो पिग्गीच्या चष्म्याच्या काचेने ऊन गोळा करून. पिग्गीला लांबचं दिसत नाही, म्हणजे मायोपिया, आणि मायोपियाच्या चष्म्याची काच मधे पातळ असते, ती ऊन पसरवते, गोळा करत नाही. त्या चष्म्याने विस्तव पेटणारच नाही. आख्खी कादंबरी ज्या विस्तवावर उभी आहे तो फिजिक्सच्या हिशोबाने पेटतच नाही. दहावीच्या पोट्ट्यांना हे सांगितलं की लेन्सचा चॅप्टर जन्मात विसरत नाहीत.

शेवटाकडे वेगाने जाऊ. जॅकची टोळी तो चष्मा चोरते. पिग्गी शंख घेऊन मागायला जातो, न्याय मागायला म्हणा. वर कड्यावर रॉजर आहे, मोठ्या दगडाखाली लाकडाची तरफ घालून. यावेळी तो नेम चुकवत नाही. पिग्गी खाली खडकावर, शंखाचा चुरा. परीक्षेत शंख कशाचं प्रतीक म्हणून विचारतात, लोकशाही लिहा आणि मोकळे व्हा, पण शंखात स्वतःची ताकद कधीच नव्हती, ज्याच्या हातात शंख त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं हे सगळ्यांनी मानलं तोवरच तो शंख. मग राल्फची शिकार सुरू होते, त्याला बाहेर काढायला जॅक जंगल पेटवतो, आणि त्या धुराने जहाज येतं. राल्फने इतके दिवस जपून केलेल्या धुराने आलं नाही, हे मारायला लावलेल्या आगीने आलं. नौदलाचा अधिकारी किनाऱ्यावर उभा, ब्रिटिश मुलांकडून ह्यापेक्षा बरी अपेक्षा होती म्हणतो. त्याची युद्धनौका मागे उभी आहे, तीही कुणाच्या तरी शिकारीवरच निघालेली.

मग गोल्डिंग बरोबर का? इथे मी थोडा अडतो. योगायोग बघा, पुस्तक आलं त्याच १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २२ मुलांचा कॅम्प भरवला, साधारण अकरा वर्षांची मुलं, दोन टोळ्या केल्या, स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली, आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी. पण मग पाण्याची लाइन बिघडवून दोघांना मिळून दुरुस्त करायला लावलं वगैरे, तेव्हा दुश्मनी उतरत गेली. हा प्रयोग गाजला. कमी गाजलं ते हे की आदल्याच वर्षी, १९५३ ला, त्याने असाच कॅम्प केला होता आणि तो फसला, मुलांना आधी एकमेकांची ओळख होऊ दिली होती, नंतर भांडण लावायला गेले तर भांडेचनात, उलट हे मोठे लोक काहीतरी लावालाव्या करतायत हे मुलांनीच ओळखलं.

आणि एक तर खरंखुरं बेट आहे. १९६५ साली पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशातल्या एका बोर्डिंग शाळेतली सहा पोरं कंटाळून, एक होडी चोरून समुद्रात निघाली, वादळात सापडली आणि अटा नावाच्या ओसाड बेटाला लागली. पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या बोटीला ती सप्टेंबर १९६६ मध्ये सापडली, सुमारे पंधरा महिन्यांनी, सगळी जिवंत. विस्तव त्यांनी एकदाही विझू दिला नाही. कामाला जोड्या लावलेल्या, बाग, स्वयंपाक, पहारा. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं आणि डोकं थंड झाल्यावर परत यायचं. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी काड्या आणि पानं बांधून बसवला, तो नीट जुळला. आणि इतकं करून घरी परतल्यावर पोलिसांनी त्यांना होडी चोरली म्हणून आत टाकलं, वॉर्नरने पैसे भरून सोडवलं.

यावरून लोक म्हणतात गोल्डिंग खोटा पडला. मला नाही तसं वाटत. ती सहा जणं आधीपासूनची दोस्त होती, वयाने मोठी होती, त्यांच्यात कोण पुढारी कोण हलका हा खेळ नव्हता, आणि मुख्य म्हणजे घरी कामं करून वाढलेली. गोल्डिंगची मुलं बरीचशी एकमेकांना अनोळखी, भात कसा शिजतो हे न पाहिलेली. म्हणजे माणसाचा स्वभाव काय ह्या प्रश्नाचं उत्तर बेटावर उतरायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं, लाकडं आणायची कुणी सवय लावली होती आणि भांडल्यावर परत यायची वाट कुणी दाखवली होती ह्यावर. मधमाशी आणि मधाचं गोल्डिंगचं वाक्य ह्यामुळेच मला अर्धंच पटतं. मधमाशीला दुसरं काही बनवताच येत नाही.

गोष्ट संपल्यावर मी विचारलं, आता कोण कुणाच्या पार्टीत? पुष्कळ जण राल्फकडे आले होते, काही पोरी सायमनकडे. तो मीटिंगवाला पोट्टा मात्र म्हणाला, "खरं सांगू का दादा, मी असतो तं तरी जॅककडेच गेलो असतो. तिकडे मटन होतं." बाकीचे हसले. मला त्याला खोडून काही सांगता आलं नाही, कारण त्या रात्री राल्फ आणि पिग्गीसुद्धा तिथे मटणच खायला गेले होते.